दिवाळीपासून अडकणारा पीसी : दुरुस्ती, अपग्रेड की नवा?

मारेगाव तालुक्यातल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पीसी २०१५ चा. इंटेल आय फाइव्ह ४४६० प्रोसेसर, एच ८१ बोर्ड, आठ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स ७५० टीआय कार्ड, एक टीबी हार्डडिस्क. खेळणं मुख्यतः व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह. पोळ्यापर्यंत बरा चालत होता. दिवाळीपासून गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत अडकायला लागतो, आणि संध्याकाळी कधीकधी फटकन बंद होऊन आपोआप परत सुरू होतो. मित्र म्हणतो ग्राफिक कार्ड बदल. दुकानदार म्हणतो हे भंगार झालं, नवाच घे. कापूस विकल्यावर घरून तीस हजार मिळणार आहेत. काय करू?

भाऊ, मी पांढरकवड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि जोडणीचं काम करतो, अठरा वर्षं झाली. तुमच्या प्रश्नात प्रोसेसर, कार्ड, बजेट सगळं वाचलं, पण मी थांबलो एकाच शब्दावर : "दिवाळीपासून".

जुनेपण असं दोन महिन्यांत येत नसतं. प्रोसेसर २०१५ मध्ये ज्या वेगाने काम करायचा त्याच वेगाने आजही करतो, सिलिकॉनला म्हातारपण नाही. म्हातारी होते ती प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली पेस्ट, पंख्याची बेअरिंग, एसएमपीएसमधले (म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डबीतले) कपॅसिटर. गेम जड होत जातात हे खरं, पण तेही हळूहळू. पोळ्याला धड चालणारी वस्तू दिवाळीला अडकते तेव्हा तो बिघाड असतो. म्हणजे तुमचा प्रश्न "अपग्रेड की नवा" असा दोन फाट्यांचा नाही, त्याच्या आधी "दुरुस्ती" हा तिसरा फाटा आहे आणि तो तुमच्या मित्राने बी आणि दुकानदाराने बी सोडून दिला.

एक पुरावा देतो. व्हॅलोरंट २०२० मध्ये आला तेव्हा कंपनीने सेकंदाला साठ फ्रेमसाठी (फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारी चित्रं) जे मशीन सुचवलं होतं ते आय थ्री ४१५० आणि जीटी ७३०, म्हणजे तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या खालचं. आणि १४४ फ्रेमच्या यादीत जो प्रोसेसर होता तो नेमका आय फाइव्ह ४४६०. तुमचाच. नंतर ती यादी बदलली, जुलै २०२५ मध्ये गेम अनरियल इंजिन ५ वर गेला. तरीपण पंधरा मिनिटं नीट चालतो आणि मग अडकतो, याचा अर्थ मशीनच्या अंगात तेवढी ताकद आहे. ती टिकत नाही, एवढंच.

आता आपल्या भागात दिवाळीच्या सुमाराला काय होतं ते बघा. कापूस घरी येतो. आणि हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी मोटारी सुरू होतात. तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे की तुमचा कॉम्प्युटर समोरच्या खोलीत आहे आणि भाव वाढायची वाट बघत कापसाची गंजी त्याच खोलीत लागलेली आहे. चुकलो असेन तर सांगा. पण डिसेंबर-जानेवारीत माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनपैकी निम्म्यांची कहाणी हीच असते.

मागच्या हिवाळ्यात एक शेतकरी बंडीतून कॅबिनेट घेऊन आले. "भाऊ, पोट्टा म्हणते नवीन पायजे. काहून बंद पडते ते पाहा बरं एकदा." उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात ना, त्यांच्यावर कापसाच्या तंतूंचा थर इतका घट्ट बसला होता की चिमट्याने धरून ओढला तर नमद्यासारखा अख्खाच्या अख्खा निघाला. त्यावर पंख्याचा गोल ठसा उमटलेला. मागच्या बाजूची, कार्डाच्या खाचेची एक पत्र्याची पट्टी कोणी तरी काढून फेकली होती. त्या फटीतून उंदीर आत शिरला होता आणि एसएमपीएसच्या बाजूला कापसाचं घरटं, घरट्यात सरकीची फोडलेली टरफलं. हार्डडिस्कची केबल अर्धी कुरतडलेली. मशीन सहा वर्षांचं, त्याला काहीही झालं नव्हतं. साफसफाई, पेस्ट, एक केबल आणि मागे एक पट्टी. पोट्ट्याचं तोंड उतरलं, बापाचं खुललं.

तर आधी तुमची दोन लक्षणं वेगळी करू, कारण ती एका रोगाची नाहीत. गेम हळूहळू अडकणं हे उष्णतेचं लक्षण. इंटेलचा प्रोसेसर शंभर अंशाच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन चालू राहतं, फ्रेम पडतात. वीस मिनिटांत हे होणं अगदी जमतं, कॅबिनेटचा डबा तापायला तेवढा वेळ लागतोच. फटकन बंद होऊन परत सुरू होणं मात्र बहुतेक वेळा विजेचं लक्षण असतं, आणि तुम्ही "संध्याकाळी" असं लिहिलंय तेव्हा माझा संशय आणखी पक्का होतो. २३० व्होल्ट यायला हवेत तिथे मोटारी सुरू असताना गावाच्या टोकाच्या घरात १७०-१८० आलेले मी स्वतः मीटरवर पाहिले आहेत. एसएमपीएसच्या पोटात एक मोठा कपॅसिटर असतो, लाइनीने पापणी लवल्यासारखी झपकी मारली तर तेवढा वेळ तो भागवतो. व्होल्टेज कमी असेल तर त्याच्यात साठाच कमी असतो, आणि दहा वर्षांत तो वाळलेलाही असतो. मग जी झपकी बल्बलाही कळत नाही ती तुमच्या पीसीला कळते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल पॉवर ४१" अशी नोंद दिसेल. पीसी नीट बंद न होता परत सुरू झाला, एवढंच ती सांगते. पण नोंदींच्या वेळा बघा. सगळ्या संध्याकाळच्या असतील तर गुन्हेगार डब्याच्या बाहेर आहे.

यूपीएस असेल तर त्याची बॅटरी तपासा. मेलेल्या बॅटरीचा यूपीएस हा यूपीएस नसण्यापेक्षा वाईट. व्होल्टेज पडलं की तो तत्परतेने बॅटरीवर जातो, बॅटरीत काही नसतं, आणि थेट लाइनीवर कदाचित तरला असता तो पीसी मान टाकतो. आपल्याकडे त्या बारा व्होल्टच्या बॅटऱ्या फार टिकत नाहीत. लेड-ॲसिड बॅटरीचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि आपला मे महिना ४५ अंशांचा.

साफसफाई स्वतः करायची असेल तर डबा अंगणात न्या, पिन काढा, पंखा बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. पंखा मोकळा सोडला तर हवेने भन्नाट फिरून खराब होतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने मारू नका, फुकट असला तरी. त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि ते तुषारासारखं बोर्डावर जातं. प्रोसेसरवरचा कूलर काढून जुनी पेस्ट पुसा, ती आता वाळून चुन्यासारखी झाली असेल. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त लावून फायदा नाही. कूलरचे चार प्लॅस्टिकचे पाय तिरक्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबायचे, चारही वेळा टक् असा आवाज यायला हवा. या पिढीच्या इंटेल कूलरचे पाय सैल होतात, नुसता एक पाय सुटलेला असला तरी तापमान वर जातं.

अर्थिंगचंही बघून घ्या. डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर तुमच्या घरात अर्थिंग नाही किंवा नावापुरतं आहे. आपली काळी माती पावसाळ्यात छान, पण उन्हाळ्यात भेगाळते, रॉडभोवतीची पकड सुटते आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. उन्हाळाभर त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत राहायचं. हे काम वायरमनकडून तपासून घ्या, स्वतः तारेशी खेळू नका.

हे सगळं करून झालं की मग वयाचा प्रश्न विचारायचा. आणि तिथे माझं उत्तर तुम्ही काय खेळता यावर ठरेल, माझ्या आवडीवर नाही.

साफसफाईनंतर व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह धड चालले आणि तुम्हाला तेवढंच हवं असेल, तर ३० हजार ठेवून द्या. तीस हजार म्हणजे किती ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, त्या हिशेबाने जवळपास पावणेचार क्विंटल कापूस. तोही त्या भावाने विकला गेला तर.

मित्राचा सल्ला, म्हणजे फक्त कार्ड बदलणं, याला मी सरळ नाही म्हणत नाही, पण आधी एक परीक्षा घ्या. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. प्रोसेसर शंभर टक्क्यांना चिकटलेला आणि कार्ड पन्नास-साठवर रेंगाळत असेल तर कार्ड बदलून हाती काही लागणार नाही. उलट असेल, कार्ड ९८-९९ वर आणि प्रोसेसर निवांत, तर मित्र बरोबर. याहून सोपी परीक्षा म्हणजे गेमचं रेझोल्यूशन ७२० वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर ओझं कार्डावर होतं. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरवर. डवऱ्याला एक पिकलेला बैल आणि एक दमदार गोऱ्हा जुंपला तर डवरा गोऱ्ह्याच्या चालीने चालत नाही, जू तिरपं होतं एवढंच. तुमच्याकडे चार कोर, चार थ्रेडचा प्रोसेसर आहे. व्हॅलोरंट हा प्रोसेसरवर बसणारा गेम, जीटीए फाइव्हमध्ये कार्डाला जास्त काम. म्हणजे एकाच मशीनवर एका गेमचं उत्तर एक येईल, दुसऱ्याचं दुसरं.

आता समजा कार्डावरच ओझं निघालं. एच ८१ बोर्डाची एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. त्याचा कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा आहे. आजची बरीच स्वस्त कार्डं सोळाऐवजी चार किंवा आठच लेन वापरतात. लेन म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यामधला डेटाचा रस्ता. नव्या बोर्डावर ते खपून जातं, कारण तिथे लेन रुंद असते. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चार लेनचं कार्ड तुमच्या बोर्डावर म्हणजे चौपदरी रस्त्यावरून थेट पांदणीत. ६६०० आठ लेनचं, तेही पूर्ण खुलणार नाही. तुमच्या बोर्डाला साजेसं कार्ड म्हणजे जीटीएक्स १६५०, सोळा लेनचं, ७५ वॉटचं. बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधूनच वीज घेतात. पण खाली मान घालून बघा, काहींना सहा पिनचा कनेक्टर असतो. जुनं १०५० टीआय स्वस्त मिळेल, पण एनव्हिडियाने ५८० मालिकेनंतर मॅक्सवेल आणि पास्कल पिढीचे नवे ड्रायव्हर थांबवले. तुमचं ७५० टीआय मॅक्सवेल, १०५० टीआय पास्कल. एका मागे पडलेल्या पिढीतून दुसऱ्या मागे पडलेल्या पिढीत जाण्यात काय अर्थ? १६५० ट्युरिंग पिढीचं आहे, त्याला ड्रायव्हर चालू आहेत.

सेकंडहँड कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः विकतो. फक्त आरएक्स ५७०, ५८० घेताना जपा. ग्राफिक कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन कमवायचं काम, म्हणजे मायनिंग, सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले. त्यातल्या काहींचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) मायनिंगसाठी बदललेला असतो, गेम लावला की पडद्यावर रंगीत चौकोन. शिवाय ही कार्डं दीडशे वॉट आणि त्यावरची, तुमचा ७५० टीआय साठ वॉटचा. घेताना विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास जड गेम चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका, स्क्रूंवर घासल्याच्या खुणा आहेत का पाहा. नागपूरच्या सीताबर्डीत दुकानात उभं राहून हे करता येतं. ऑनलाइन फोटो बघून येत नाही.

आणि एसएमपीएसबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. दुकान काढून दोन वर्षं झाली होती. एका गिऱ्हाइकाला मोठं कार्ड हवं होतं, एसएमपीएस बदलायला पैसे नव्हते. जुन्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं होतं, मी ते खरं मानलं. हातात घेतला तेव्हा हलका लागला होता, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. आत तांबं आणि कपॅसिटर असले की वजन येतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फट् असा आवाज, जळका वास, आणि कार्डाबरोबर बोर्डही गेलं. नुकसान मी भरलं, त्या महिन्यात दुकानाचं भाडं उसनं घेतलं. तेव्हापासून एसएमपीएसवर विश्वास असल्याशिवाय मी कार्डाला हात लावत नाही. घेताना मागच्या लेबलवर इनपुट वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला असेल तर आपल्या संध्याकाळच्या डिम लाइनीवर तो तग धरेल. २०० ते २४० लिहिलेला गावात नको.

इथपर्यंत काय झालं? दुरुस्ती आधी. मग परीक्षा. मग कार्ड, पण तेही चांगल्या एसएमपीएसनंतर. पुढे मी एक नियम लावतो : दहा वर्षांच्या मशीनमध्ये घालायचा पैसा अशाच वस्तूवर घालावा जी उद्या नव्या मशीनमध्ये सोबत चालत जाईल. एसएसडी जाईल. चांगला एसएमपीएस जाईल. १६५० जाईल. मॉनिटर, कीबोर्ड तर जातातच. रॅम जाणार नाही, कारण तुमची डीडीआर ३, आणि नव्या बोर्डांना ४ किंवा ५ लागते. प्रोसेसर जाणार नाही.

एसएसडी तर मी तुम्हाला आजच घ्या म्हणेन. तुमची हार्डडिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधा साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत. आणि खरा फरक या आकड्यात नाही, बारीकसारीक हजारो फाइली शोधताना हार्डडिस्कची सुई इकडून तिकडे पळते, त्यात आहे. जीटीएमध्ये गाडी वेगात नेली की रस्ता अर्धवट उमटतो ना, त्यात हिचा बराच वाटा. पण अडीच इंची साटाच घ्या. छोट्या पट्टीसारखा एनव्हीएमई घेऊन त्यावर विंडोज टाकायला गेलात तर तुमचं बोर्ड त्यावरून बहुधा सुरूच होणार नाही.

रॅमला नियमात अपवाद करतो. एकच स्टिक म्हणजे दोन दरवाज्यांच्या घराचा एक दरवाजा बंद. एच ८१ वर दोनच स्लॉट, कमाल १६ जीबी. कोणाच्या भंगार ऑफिस पीसीतून डीडीआर ३, १६०० ची आठ जीबीची स्टिक स्वस्तात मिळाली तर टाका, फ्रेमचं अधूनमधून दचकणं कमी होईल. नवी पूर्ण भावाने घेऊ नका. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे भडकलेत ते एआयच्या डेटा सेंटरांपायी. कंपन्या आपली रॅम तिकडे ओततायत आणि पैसे मारेगावचा पोट्टा भरतोय.

काही जण तुम्हाला आय सेव्हन ४७९० टाकायला सांगतील. त्याच सॉकेटमध्ये बसतो, चार कोर आणि आठ थ्रेड, फरक पडतो. पण ज्या बोर्डावर तो बसवायचा ते बोर्ड दहा वर्षांचं आहे. बोर्ड गेलं की आय सेव्हन खिशात घेऊन फिरा. अगदीच मातीमोल मिळाला तर, नाहीतर नाही.

नवाच घ्यावा लागेल असं एकच पक्कं कारण मला दिसतं, ते विंडोजचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने पुढच्या वर्षभराची सुरक्षा अपडेटची सोय ठेवली, सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवता येतं. नोंदवून घ्या. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. तुमची चौथी. "मी जुगाड करून टाकून देतो" म्हणणारे गल्लोगल्ली आहेत, मीही टाकून देऊ शकतो, आणि विंडोज चालेलसुद्धा. पण व्हॅलोरंट चालणार नाही. त्याचं वॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डाच्या सुरक्षेच्या सोयी मागतं, नसलं की व्हॅन ९००१ असा एरर. म्हणजे जुगाडाने तुम्ही नेमका जो गेम खेळता तोच घालवून बसाल. विंडोज १० वर असेपर्यंत ही अट तुम्हाला आडवी येत नाही. तर तुमच्या मशीनचं खरं वय दहा वर्षं नाही, विंडोज १० वर व्हॅलोरंट चालू राहील तेवढं आहे. ते कंपनीच्या हातात.

दुसरं कारण म्हणजे नवे गेम. डूम द डार्क एजेससारखे गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तिथे १६५० सुद्धा उपयोगाचं नाही. असे गेम खेळायचे असतील तर या मशीनवर एक रुपयाही घालू नका. सरळ पुढच्या वर्षाचे पैसे धरून जमवा.

बदलायची वेळ आली की मी आपल्या भागासाठी एएम ४ सॉकेटवाल्या, एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरकडे झुकतो. रायझन ५ ५६०० ला सहा कोर, बारा थ्रेड, आणि ६५ वॉटचा असल्याने आपल्या उन्हाळ्यात तो गरम डोक्याने वागत नाही. बी ४५० किंवा बी ५५० बोर्ड, डीडीआर ४ रॅम. नव्या पिढीच्या एएम ५ ला डीडीआर ५ च लागते आणि सध्या तिथे खिसा फाटतो. तीस हजारांत प्रोसेसर, बोर्ड, रॅम जेमतेम बसतं, कार्डाला काही उरत नाही. म्हणूनच आधी घेतलेलं १६५०, एसएसडी आणि एसएमपीएस उपयोगी पडतात, ते तुमचे भरून झालेले हप्ते समजा. बी ४५० सेकंडहँड घेत असाल तर बायोस अपडेट केलेला आहे का विचारा, नाहीतर ५६०० ओळखणार नाही आणि तुम्हाला वाटेल प्रोसेसर फसवून विकला. मार्केट लांब असलेल्यांसाठी ही मोठी डोकेदुखी, नुसत्या बायोससाठी नागपूरची एक फेरी होते. कार्डाशिवाय सुरू करायचं असेल तर ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक आतच आहे, व्हॅलोरंट कमी सेटिंगवर छान चालतो.

लॅपटॉपचं विचारलं नाही, पण घरचे विचारतील. लाइन गेली तरी तो चालतो, हे त्याच्या बाजूने. पण मे महिन्यातल्या दुपारी टिनाच्या खोलीत गेमिंग लॅपटॉप म्हणजे चुलीवर ठेवलेला तवा, आणि बिघडला तर माझ्यासारख्याच्या हातात त्यातलं फार काही नसतं. बहिणीला कॉलेजला न्यायचा असेल तर वेगळा विचार.

मी भावांचे आकडे मुद्दाम टाळलेत. आज लिहिलेला दर पोळ्यापर्यंत शिळा होतो, आणि मग लोक तो दुकानदाराला दाखवून भांडतात. प्रमाण मात्र सांगतो, मी दुकानात हेच वापरतो : दुरुस्ती आणि सोबत न जाणारे पार्ट मिळून नव्या मशीनच्या पाव किमतीच्या वर गेले की मी गिऱ्हाइकाला थांबवतो. सोबत जाणारे पार्ट या हिशेबात धरत नाही.

आता या आठवड्यात एवढं करा. डबा कापसाच्या खोलीतून हलवा, जागा नसेल तर निदान जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा आणि मागची पत्र्याची पट्टी आहे का बघा. साफ करून पेस्ट लावा. मग कोअर टेम्प किंवा तसंच एखादं सॉफ्टवेअर टाकून गेमच्या विसाव्या मिनिटाला तापमान किती ते लिहून ठेवा. वायरमनकडून घरातल्या स्विचबोर्डावरचं व्होल्टेज दोनदा मोजून घ्या, एकदा संध्याकाळी सातला मोटारी चालू असताना आणि एकदा रात्री अकरानंतर. टास्क मॅनेजरचा फोटो दोन्ही गेमचा वेगवेगळा काढा. हे तीन आकडे, ते दोन फोटो आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठवा, मग कार्ड घ्यायचं की नाही ते सांगतो. तोवर दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका.